कागद कुणाचा फाडायचा?

मागल्या महिन्यात आमच्या मिलमध्ये एक मॅडम आल्या. पाळी सुटल्यावर आम्हांला अर्धा तास बसवून घेतलं. म्हणाल्या, मनात साचलेला राग कवितेत उतरवा. यमक जुळलं नाही तरी चालेल. मग कागद फाडून टाका. बघा किती हलकं वाटतं.

मी लिहिलं दोन महिन्यांच्या अडकलेल्या ओव्हरटाइमवर. फाडलं. खोटं कशाला बोलू, हलकं वाटलं. रात्री झोपही लागली. सकाळी बघतो तर ओव्हरटाइम होता तिथंच, आणि त्याबद्दल भांडायचा राग केराच्या डब्यात.

मित्रांनो, माझं भांडण इथं आहे.

कवितेनं माणसाला बरं वाटत नाही असं मी म्हणत नाही. आपल्या आया-आज्या जात्यावर बसून हेच करत आल्या. सासुरवास, भूक, मेलेलं लेकरू, सगळं ओवीत घातलं. पण एकीनंही ओवी कोंड्यासंगं फेकून दिली नाही. शेजारणीनं ऐकली, तिनं आपली जोडली, लेकीनं पाठ केली. पुढं त्याच जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या आल्या. दुःख जुनंच होतं, पण ते कुणी दिलं हे आता कळलं होतं.

आपल्याच जिल्ह्यातलं बघा. डिसेंबर 1927. बसवाल्यांच्या बहिष्काराची भीती, म्हणून बाबासाहेब बोटीनं दासगाव बंदराला उतरले आणि तिथून महाडला आले. 25 तारखेच्या रात्री महाडला कागद जळाला. कुठला? मनुस्मृतीचा. आपल्या माणसांनी आपलं दुःख लिहून जाळलं नाही. ते दुःख ज्यानं कायदा म्हणून लिहिलं, त्याचं पुस्तक जाळलं. जमलेल्यांना त्या रात्री हलकं वाटलं नसेल? वाटलंच असेल. पण म्हणून कुणी गप्प झोपून गेलं नाही.

आता आपल्यातल्या शहाण्यांकडे वळतो. पोरगं उदास कविता घेऊन आलं की हे म्हणतात, रडगाणं कशाला, मोर्च्याची कविता आण. त्यांनी शाहीर विलास घोगरे आठवावेत. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबारात आपली 10 माणसं मारली गेली. 15 जुलैला घोगऱ्यांनी स्वतःचा जीव दिला. ज्याच्या गाण्यानं वस्त्या उभ्या राहिल्या, त्याला त्याचं गाणं त्या दिवशी पुरलं नाही. का, ते ठरवणारा मी कोण? एवढंच कळतं की टाळ्या वाजवून आपण घरी जातो, गाणारा घरी कसा जातो ते बघत नाही.

म्हणून सांगतो. उदास पोराची कविता आधी ऐका, मग अक्कल शिकवा. त्याला जगणं नकोसं झालं असेल तर वही बाजूला ठेवा, दवाखान्यात न्या, संगं बसा. कविता तिथं औषधाची जागा घेत नाही. आणि रागाचा कागद फाडू नका. वस्तीत मोठ्यानं वाचा.

मी ती ओव्हरटाइमची कविता परत लिहिली. पाळी बदलताना गेटवर वाचली. खाली अकरा जणांनी सह्या केल्या, एका म्हाताऱ्यानं अंगठा दिला. कागद ऑफिसात पोचलाय.

आता तो त्यांनी फाडून दाखवावा.

जयभीम.