वग कोणता, हे विचारा

उजनीचे पाणी तळाला गेले की जुन्या पळसदेवचे पळसनाथाचे देऊळ उघडे पडते. २०२४ च्या उन्हाळ्यातही ते दिसले आणि लोक गाळ तुडवत पाहायला गेले. भीमेवरचे धरण १९८० मध्ये पुरे झाले, जुने गाव पाण्यात गेले, नवे गाव वर वसले. जत्रेतल्या तमाशाबद्दलही आपण हल्ली असेच बोलतो. बुडाले ते बुडाले, आता दुरून पाहायचे आणि हळहळायचे. पण तमाशाला कुठल्या धरणाने गिळलेले नाही. त्याची रात्र तेवढी आखूड झाली आहे, आणि ती कशी झाली हे नीट पाहिले तर हळहळण्यापलीकडेही पुष्कळ करता येते.

संगीत रंगभूमीच्या आठवणी निघाल्या की आपल्याकडे बोलणे ३१ ऑक्टोबर १८८० च्या पुण्यातल्या ‘शाकुंतला’पासून सुरू होते आणि बालगंधर्वांपाशी रेंगाळते. वन्समोअर घेत पहाटेपर्यंत लांबलेले ते प्रयोग आठवावेत असेच होते. पण इंदापूर-बारामतीकडच्या गावांचे संगीत नाटक बहुतेक ढोलकीवर उभे राहिले. गावाने लोकवर्गणी काढायची, यात्रा कमिटीने तमाशाच्या फडाला सुपारी द्यायची, पाहुण्यारावळ्यांनी घर भरायचे आणि छबिना निघाल्यावर पटांगणात घोंगडी टाकून जागा धरायची. तिकीट नाही, खुर्ची नाही. आधी गण, मग गौळण, बतावणी, रंगबाजी आणि रात्र चढल्यावर वग. वग म्हणजे पुरते नाटक. त्यात राजा, दरोडेखोर, सावकार, सून, सगळे येणार आणि गाणी कथेच्या पोटातून निघणार. सुरुवातीची लावणी ही त्या जेवणातली चटणी होती, ताट पुढेच होते.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. वर्षात फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याची मुभा राज्य सरकारला आहे. ते दिवस बहुतेक गणपती-नवरात्रासारख्या सणांना जातात, कारण ते सगळीकडे एकाच तारखेला येतात. जत्रेचे तसे नसते. प्रत्येक गावच्या देवाची तिथी वेगळी, म्हणून एका यादीत गावे मावत नाहीत. खेळ उशिरा सुरू करून लवकर आवरायचा म्हटले की पहिला कापला जातो तो शेवटी येणारा वग. मग उरतात सुटी गाणी, आणि त्यासाठी ऑर्केस्ट्रा स्वस्त पडतो. लोकांची आवड बदलली, असे आपण म्हणतो, पण ज्या तरुण मुलाने वग कधी शेवटपर्यंत पाहिलाच नाही, त्याने तो नाकारला असे कसे म्हणावे? पाडव्याच्या सुमारास नारायणगावात आजही फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे कारभारी सुपाऱ्या द्यायला येतात. मागणी मेलेली नाही.

म्हाताऱ्याकोताऱ्यांची झोप आणि मुलांच्या परीक्षा यांचे काय, हा आक्षेप रास्त आहे. नियम मोडा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. ज्या रात्रींचे आपण गोडवे गातो, त्या पटांगणात बायकांना मोकळेपणाने बसता येत होते का? बोर्डावर नाचणारे कलावंत बहुतेक दलित आणि कोल्हाटी समाजातले. टाळ्या त्यांना, मान मात्र गावकुसाच्या आत. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींचे पदक मिळाले, तरी २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा पाठीशी ओढगस्तच होती. हे झाकून काढलेली आठवण खोटी ठरेल. पण म्हणूनच वग वाचला पाहिजे. नुसत्या गाण्यांच्या कार्यक्रमात कलावतीला शरीर म्हणून पाहिले जाते. वगात ती राणी असते, फिर्यादी असते, प्रश्न विचारते. वग कापून आपण त्या बाईच्या तोंडचे संवाद काढून घेतले.

याची वाट आपल्याच रिवाजात आहे. रात्रीच्या खेळानंतर दुसऱ्या सकाळी हजेरीचा तमाशा होतो, मग दुपारी कुस्त्यांचा आखाडा. हजेरी सकाळची, म्हणून रात्रीचा नियम तिला आडवा येत नाही, उजेडात बायाबापड्या निर्धास्त बसू शकतात, शाळेतली पोरेही येऊ शकतात. वग हजेरीला लावावा, रात्रीचा खेळ दिवेलागणीलाच सुरू करावा, आणि सूट देताना गावच्या जत्रेची तिथी धरावी. पळसदेवसारख्या, पाणी आले तेव्हा देवासकट वर सरकलेल्या गावांना वेळापत्रक सरकवणे अवघड नाही. येत्या पाडव्याला राहुटीत बसून सुपारी ठरवताना कमिटीने नाचणाऱ्या मुली किती, एवढ्यावर थांबू नये. वग कोणता आणि तो किती वेळ चालेल, हेही विचारावे आणि करारात लिहून घ्यावे.