लोणारला एसटीने चला

शेतकरी बंधूंनो, लोणार सरोवर पाहायला जीप भाड्याने करायलाच हवी, असं कोण म्हणतं? जिंतूरकडच्यांनी एसटीने मंठा गाठावं, तिथून लोणार. सेलू-परभणीकडच्यांनी रेल्वेने परतूरला उतरून मंठामार्गे जावं. २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं भाडं आहे. तेव्हा घरच्या मालकिणीलाही न्या.

उल्का आदळून काळ्या पाषाणात झालेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. तळ्याचं पाणी खारट, क्षारयुक्त. काठावर मात्र गोड्या पाण्याची धार. चोपण जमिनीशी झगडणाऱ्यांनी हे मुद्दाम बघावं.

अडचण परतीची. शेवटची गाडी चुकली की मुक्काम पडतो. उतरल्याबरोबर कंट्रोलरला वेळ विचारा. सरपंच-ग्रामसेवकांनी सुट्टीच्या दिवशी थेट गाडी मिळावी म्हणून डेपोकडे ठराव पाठवावा. गावातून प्रवासी किती निघतील, तेही त्यात लिहावं.