नवशिके कोण?

"बी किती खोल टोचायचं, सांगा बरं?" प्रशिक्षण द्यायला आलेल्या मुलानं विचारलं.

शहाद्याच्या कडेची वस्ती. पत्र्याच्या घरांमधल्या बोळात पंधरा-वीस बाया खताच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून भाजी लावायला बसलेल्या. पुढची म्हातारी हसली. गिलक्याचं बी चिमटीत धरून तिनं पेरभर खोल सारलं, वर माती लोटली. "दादा, चाळीस वरसं लोकांच्या शेतात हेच केलं."

प्रशिक्षणाच्या यादीवर मात्र मथळा होता : 'नवशिके शहरी शेतकरी'.

याच गावात १९७२ मध्ये भूमुक्ती मेळावा भरला होता. आदिवासी नेते अंबरसिंग सुरतवंतींच्या मागे भिल सालदार, मजूर उभे राहिले, श्रमिक संघटना झाली. मागणी जमिनीची होती. आज त्यांच्या नातसुनांच्या हाती गोणी आली. गोणीलाही मी नावं ठेवणार नाही. पोकळा, मेथी, गिलकी घरची निघाली तर ताटात रंग येतो, आणि आमच्या नंदुरबार जिल्ह्याला कुपोषणाचं वेगळं सांगायला नको.

तो मुलगा चांगलं शिकवत होता. दहा लिटर पाणी, किलोभर ताजं शेण, लिटरभर गोमूत्र, पन्नास ग्रॅम गूळ. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ढवळायचं, चौथ्या दिवशी दहापट पाणी घालून वापरायचं. हे अमृतजल नावाचं द्रवखत. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी याच वाटेनं, उसाची चिपाडं नि स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजवून बाग फुलवली. चिपाडांचं काय, ती आमच्याकडे रसवंतीवाला घेऊन जा म्हणून मागे लागतो! शेण मात्र वस्तीत आता विकत आणावं लागतं.

कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांच्या 'प्रयोग परिवारा'त करून पाहणाऱ्यानंच दुसऱ्याला शिकवायचं. त्या हिशेबानं म्हातारीला फळ्याजवळ नि मुलाला गोणीजवळ बसवायला हवं होतं. अमृतजल तेवढं तिच्यासाठी नवं.

उठताना तिनं विचारलं, "पाणी कुठून आणू?" उन्हाळ्यात गोणीला रोज दोन लिटर धरले तर वीस गोण्यांना तीन हंडे. एवढं डोक्यावर आणायचं, तेही पिण्याचं भरून झाल्यावर. यावर मुलाकडे उत्तर नव्हतं.

उत्तर नगरपालिकेकडे आहे. मोठा लेआउट मंजूर होताना खुली जागा सोडावीच लागते. गावात अशा कितीतरी जागांवर काटेरी बाभळी नि प्लॅस्टिक माजलंय. नगरपालिकेनं त्यातली एक, नळासकट, या बायांना पावसाळ्यापासून एका हंगामापुरती देऊन पाहावी.