वजनकाट्यापलीकडचे मोजमाप

वजन घटविणारी टिर्झेपाटाइड व सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने २०२५ साली भारतीय बाजारात आली. औषध लागू पडले की नाही, याचा निवाडा मात्र एकट्या वजनकाट्यावर सोपविणे हे केवळ राष्ट्रीय उत्पन्नावरून जनतेचे कल्याण ठरविण्याइतकेच भ्रामक आहे. घटलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही असतात. म्हणून परिचारिकेने कंबरेचा घेर, रक्तदाब, रक्तशर्करा, हाताच्या पकडीचे बळ, मळमळ व आहार यांची नियमित नोंद ठेवली पाहिजे. सेमाग्लुटाइड थांबविल्यानंतर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत येते, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. तेव्हा औषध बंद झाल्यावरही ही नोंद चालू राहणे अगत्याचे आहे. पदरमोड करणाऱ्या रुग्णाचा तो हक्क आहे. त्यासाठी परिचारिकेला वेळ आणि अधिकार देणे हे रुग्णालयांचे कर्तव्य ठरते.