रात्री आठचा रिचर्ड प्रायर

अमेरिकी विनोदवीर रिचर्ड प्रायरची ‘द रिचर्ड प्रायर शो’ ही एनबीसी वाहिनीवरची मालिका १३ सप्टेंबर १९७७ रोजी सुरू झाली आणि ४ ऑक्टोबरला संपली. करार दहा भागांचा होता, दाखवले गेले चार. फसलेल्या मालिकांची यादी निघाली की हिचं नाव त्यात हटकून असतं. या आठवड्यातही ते आलं, नेहमीच्या कारणासकट: प्रेक्षक मिळाले नाहीत. प्रेक्षक मिळाले नाहीत हे खरं, पण ते का मिळाले नाहीत हे कुणी सांगत नाही. खापर मात्र प्रायरवर फुटतं, आणि हा त्याच्यावर अन्याय आहे.

याच एनबीसीवर १३ डिसेंबर १९७५ रोजी प्रायरने ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’चं सूत्रसंचालन केलं होतं. वेळ रात्री साडेअकराची. वाहिनीला धास्ती इतकी की थेट कार्यक्रम काही सेकंद मागे ठेवून दाखवला गेला. त्यात नोकरीच्या मुलाखतीचा प्रसंग आहे. मुलाखत घेणारा चेव्ही चेस, हा त्या कार्यक्रमातला विनोदी नट, एकेक शब्द उच्चारतो, प्रायरने सुचेल तो शब्द सांगायचा. शब्द हळूहळू वांशिक शिव्यांवर घसरतात, प्रायरचा चेहरा आवळत जातो, आणि शेवटी समोरचा गोरा अधिकारीच घाबरतो. अमेरिकी टीव्हीवर वर्णद्वेष इतका उघडा क्वचितच पडला असेल.

दोन वर्षांनी तोच माणूस मंगळवारी रात्री आठला आणला गेला. मुलाबाळांसह टीव्ही बघण्याची ही वेळ. समोर एबीसीवर ‘हॅपी डेज’ आणि ‘लॅव्हर्न अँड शर्ली’, त्या काळातल्या सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या मालिका. पहिल्याच भागाची सुरुवात कापली गेली. प्रायर सांगतो की टीव्हीवर येण्यासाठी आपण काहीच गमावलेलं नाही. कॅमेरा मागे सरकतो, तर तो नग्न दिसतो आणि त्याचं पुरुषत्व गायब. तो अंगाला चिकटणारा पोशाख होता. वाहिनीने हेच दृश्य काढून त्याचा टोमणा खरा ठरवला. वेळ चुकली की कार्यक्रम मरतो, हा या स्तंभाचा जुना आग्रह आहे. त्याला याहून ठळक उदाहरण सापडणं कठीण.

जे दाखवलं गेलं तेही लेचंपेचं नव्हतं. अमेरिकेचा पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष पत्रकार परिषद घेतो, सुरुवातीला तोलून बोलतो, मग त्याचा संयम सुटत जातो आणि आईचा विषय निघताच हाणामारी होते. दुसऱ्या एका प्रसंगात दारुडा विली घरी येऊन कोचावर कोसळतो आणि त्याच्या बायकोच्या भूमिकेतली कवयित्री माया अँजेलो त्याच्या निपचित देहाशेजारी बोलत राहते. हशा थांबतो. विनोदी कार्यक्रमात इतका वेळ हशाविना जाऊ देण्याचं धैर्य आजही दुर्मीळ आहे. सोबतच्या कलाकारांत रॉबिन विल्यम्स आणि सँड्रा बर्नहार्ड होते. विल्यम्स पुढच्याच वर्षी एबीसीच्या ‘मॉर्क अँड मिंडी’ने घराघरांत पोचला.

प्रायरमध्ये दम उरला नव्हता म्हणावं, तर डिसेंबर १९७८ मध्ये लाँग बीचच्या रंगमंचावर तो एकटा, हातात माइक घेऊन उभा राहिला. तिथे चित्रित झालेला ‘रिचर्ड प्रायर: लाइव्ह इन कॉन्सर्ट’ १९७९ मध्ये थिएटरांत लागला. त्यात तो स्वतःच्या हृदयविकाराच्या झटक्याचा प्रसंग करतो: हृदय दरडावतं, प्रायर गयावया करत जमिनीवर आडवा होतो. स्टँड-अपचा विषय निघाला की आजही या चित्रपटाचं नाव आधी घेतलं जातं.