उंबरठ्याआडचा धूर

सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचा कायदा घराच्या उंबरठ्याशी थांबतो. लहान मुलांना दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर सोसावा लागतो तो मात्र बहुधा उंबरठ्याच्या आतच. ऑस्ट्रेलियातील मूलनिवासींच्या ग्रामीण वस्त्यांचा अनुभव म्हणूनच अभ्यासण्याजोगा आहे.

देशातील १५ वर्षांवरील मूलनिवासींमध्ये रोज धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण २००४-०५ मध्ये सुमारे ५० टक्के होते. २०१८-१९ पर्यंत ते ३७ टक्क्यांवर आले. दुर्गम भागात मात्र त्या वर्षीही ते ४९ टक्के होते. या व्यसनामागे इतिहास आहे. गोऱ्यांच्या पशुपालन मळ्यांवर राबणाऱ्या मूलनिवासींना विसाव्या शतकातही रोख मजुरीऐवजी पीठ, साखर, चहा आणि तंबाखू असा शिधा दिला जात असे.

त्यात घरांची टंचाई. एका छपराखाली तीन-तीन पिढ्या राहतात, तेव्हा एकाचा धूर साऱ्यांच्या वाट्याला येतो. अप्रत्यक्ष धूम्रपानाची कोणतीही मात्रा निर्धोक नाही आणि खिडक्या उघडल्याने धोका टळत नाही, असे अमेरिकेच्या सर्जन जनरलांच्या २००६ च्या अहवालाने बजावले आहे. या धुरामुळे मुलांमध्ये दम्याबरोबरच मध्यकर्णाचे विकारही बळावतात. ऐकू कमी आले की शिक्षण मागे पडते.

यावर हुकूम काढून भागणार नाही. सरकारी हुकुमांनी या समाजाचे पुरेसे नुकसान आधीच केले आहे. मूलनिवासी नेते टॉम काल्मा यांच्याकडे २०१० मध्ये राष्ट्रीय समन्वयाची जबाबदारी देऊन सुरू झालेल्या मोहिमेने म्हणूनच स्थानिक कार्यकर्ते आणि समाजानेच चालवलेली आरोग्य केंद्रे यांच्यावर भर दिला. ओढणाऱ्याला दोष न देता ‘मुलांसाठी बाहेर ओढा’ असे सांगणे अधिक पटते. तरीही घरी आलेल्या वडीलधाऱ्या पाहुण्याला तरुण आईने कसे अडवावे, हा पेच उरतोच. नियम एकट्या आईचा असून चालत नाही. तो साऱ्या कुटुंबाचा, वस्तीचा व्हावा लागतो. पुरेशी घरे बांधणे हे काम मात्र सरकारचेच.

भारतात २००३ चा तंबाखूविरोधी कायदा आहे. तरीही २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत ३८.७ टक्के प्रौढांना घरातच हा धूर सोसावा लागत असल्याचे आढळले. उंबरठ्याआडचा हा प्रश्न केवळ ऑस्ट्रेलियाचा नाही.