मेडिकलला गेलं म्हणून जिम सोडायची का?

चुडाव्यासारख्या गावातलं पोर एमबीबीएसला लागलं, की घरचे बजावतात, "आता जिमबिम बंद. आधी डॉक्टर हो, मग बघू." सांगतात ते काळजीपोटीच. तरीही हा सल्ला मला चुकीचा वाटतो.

साधा हिशेब करा. एमबीबीएसची साडेचार वर्षं, एक वर्ष इंटर्नशिप, पुढे एमडी किंवा एमएस केलं तर आणखी तीन. म्हणजे साडेआठ वर्षं, आणि तीही ऐन विशीतली. हाडं साधारण तिशीपर्यंत भक्कम होत जातात. तिशीनंतर, व्यायाम नसेल तर, स्नायू हळूहळू घटू लागतात. 'मग बघू' म्हणेपर्यंत कमाईचा काळ निघून गेलेला असतो.

जेवणानंतर रक्तातली बरीचशी साखर स्नायूच ओढून घेतात. हे विद्यार्थी पहिल्याच वर्षी शिकतात, आणि ते पाठ करत तासन् तास खुर्चीत बसून राहतात!

मग वेळ कुठून आणायचा? रोज दोन तास लागतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार चालणं-पळणं याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम हवा. शिवाय ताकद कमवायला जितका व्यायाम लागतो, त्यापेक्षा बराच कमी ती टिकवायला पुरतो. म्हणून परीक्षा जवळ आली की दिवस कमी करा, सेट कमी करा. उचलायचं वजन मात्र फार उतरवू नका. आठवड्यात एक-दोनदा पाऊण तास स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच प्रेस एवढं केलं तरी चालतं. जिमला जाणं जमलं नाही, तर होस्टेलच्या खोलीत जोर-बैठका आहेतच.

दोन गोष्टी मात्र पाळा. रात्रभर ड्यूटी करून आल्यावर जड वजन उचलू नका, आधी झोप घ्या. आणि प्रोटीनच्या महागड्या डब्यांमागे लागण्याआधी ताटात अंडी, डाळ, शेंगदाणे, सोयाबीन पुरेसं आहे का, ते बघा.

पालकांनो, पुढच्या वेळी फोनवर "अभ्यास झाला का?" विचाराल, तेव्हा "व्यायाम झाला का?" हेही विचारा. हेच पोर उद्या शुगरच्या पेशंटला व्यायाम करायला सांगणार आहे. स्वतः करत असेल, तर कसा करायचा आणि वेळ कसा काढायचा, हेही सांगू शकेल.